मोथ्याच्या पठारावर वारा टिपताना

शुक्रवार

अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. वलगाव गेलं, आसेगावला पूर्णा ओलांडली, आणि पुढे दोन्ही अंगांना सोयाबीन, मधल्या तासांत तूर, मग संत्र्याच्या बागा. पऱ्हाटी गुडघ्याला लागली होती. एसटीच्या खिडकीतून उत्तरेला गाविलगडच्या डोंगरांची रांग दिसायला लागली की ढग कुठे अडकलेत ते लगेच कळतं. आज ते नेमके चिखलदऱ्यावर अडकले होते.

माझा मामेभाऊ परतवाड्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. त्याच्या वर्गात पवनचक्कीचा एक मोठा फोटो लावलेला आहे. निळं आकाश, पांढरी पाती, एकेक कड रेखीव. धडा सुरू झाला की दरवर्षी कुणीतरी पोरगं विचारतंच, "सर, हा पंखा चालू हाये का बंद?" त्याने हे फोनवर सांगितलं तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला. पोरगं अगदी बरोबर विचारतंय. फोटो काढला तेव्हा यंत्र कदाचित भरवेगात फिरत असेल, पण बघणाऱ्याला ते समजायला त्या चित्रात काहीच ठेवलेलं नाही. खांबावर तीन पाती टांगलेली दिसतात, एवढंच. बंद चक्की आणि चालू चक्की दोन्ही तशाच दिसणार.

मोथा हे गाव चिखलदऱ्याच्या अलीकडे, डोंगरमाथ्यावर. तिथे महाऊर्जाचा, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेचा, २ मेगावॅटचा पथदर्शी पवनऊर्जा प्रकल्प उभारला गेला. पवनचक्क्या म्हटलं की आपल्याकडे साताऱ्याची चाळकेवाडी नाहीतर धुळ्याकडचं ब्राह्मणवेल डोळ्यांसमोर येतं. विदर्भातही त्या आहेत हे कितीतरी वऱ्हाडी माणसांनाच माहीत नसतं. महाराष्ट्रात वाऱ्याची वीज सगळ्यात जास्त होते ती जून ते ऑगस्टच्या काळात, नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो तेव्हा. म्हणून श्रावणातच जायचं ठरवलं. पावसाची आणि धुक्याची भीती होती, तरीही.

परतवाड्याच्या बसस्टँडबाहेर एक भिंगरीवाला उभा होता. बांबूच्या काठीला गवताचा भारा बांधून त्यात खोचलेल्या कागदी भिंगऱ्या, लाल, पिवळ्या, चंदेरी. वारा सुटला की सगळ्या एकदम फिरायच्या. मामेभावाने मोबाईल काढून फोटो घेतला आणि मला दाखवला. "ताई, हे पाय ना, पाती वाकडी कशी आली?" खरंच, भिंगरीची सरळ पाती फोटोत कोयत्यासारखी वाकलेली होती. मोबाईलचा कॅमेरा अख्खं चित्र एका क्षणात घेत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत उतरत उतरत घेतो. तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं. म्हणजे वरचा भाग आधीच्या क्षणाचा, खालचा नंतरच्या.

चहा पिताना त्याला जाक आंरी लार्तीग या फ्रेंच छायाचित्रकाराच्या शर्यतीच्या मोटारीबद्दल सांगितलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा फोटो. मोटारीचं मागचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेलं आहे, आणि रस्त्याकडेची माणसं उलट्या बाजूला कललेली. त्या कॅमेऱ्याच्या शटरला, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या पडद्याला, एक फट होती, ती फोटोच्या काचेवरून सरकत जायची, आणि लार्तीग मोटारीबरोबर कॅमेरा वळवत होता. यंत्राच्या मर्यादेतून ते वाकडेपण आलं. पण त्या झुकलेल्या चाकात जेवढा वेग दिसतो तेवढा काटेकोर, गोल चाकात कधीच दिसला नसता. मला वाटतं, वेग दाखवायचा तर चित्रात कुठेतरी काहीतरी सोडून द्यावं लागतं. काय सोडायचं आणि काय घट्ट धरायचं, हे ठरवणं हेच सगळं काम.

मामीकडे रात्री ज्वारीची भाकर, पातोडीचा रस्सा. लवकर झोपलो.

शनिवार

धामणगाव गढीवरून घाट चढलो, मोटारसायकलवर, कॅमेऱ्याच्या बॅगेला दोन प्लास्टिक पिशव्या गुंडाळून. खाली निव्वळ ढगाळ होतं. घाटाच्या मध्याला धुकं लागलं ते मोथ्यापर्यंत वाढतच गेलं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर; पावसाळ्यात ढग इथे डोक्यावर नसतात, रस्त्यावर असतात. पवनचक्क्यांजवळ पोचलो तेव्हा पंचवीस पावलांपलीकडचं झाड दिसत नव्हतं.

पण ऐकू येत होतं. डोक्यावर, उजव्या हाताला, कुठेतरी उंच: स्सूऽप… स्सूऽप… स्सूऽप. पातं वरून खाली येताना हवा कापतं त्याचा आवाज. आम्ही रस्त्याच्या कडेला, कुंपणाबाहेर उभे राहिलो. मी घड्याळ धरलं. साधारण सेकंदाला एक आवाज. पाती तीन, म्हणजे पुरी फेरी तीन सेकंदांत. डोळ्यांना काहीही न दिसता मला हवी ती पहिली गोष्ट मिळाली होती.

कारण शटर किती वेळ उघडं ठेवायचं हे फेरीच्या वेळावरच ठरतं. तीन सेकंदांत एक फेरी, म्हणजे सेकंदाला १२० अंश. सेकंदाच्या हजाराव्या भागात पातं अंशाच्या आठव्या हिश्शाइतकंही सरकत नाही. तिथे चक्की बंद पडल्यासारखी दिसणारच. १/१५ सेकंदाला ते ८ अंश सरकतं, १/८ ला १५ अंश, १/४ ला ३०. आणि शटर पूर्ण एक सेकंद उघडं ठेवलं तर प्रत्येक पातं पुढच्या पात्याच्या जागी जाऊन पोचतं, सगळं वर्तुळ भरून निघतं आणि पाती म्हणून काही उरतच नाही.

खालून बघताना हे पंखे फार संथ वाटतात, म्हणून मामेभावाला मी गणित करायला लावलं. पातं २५ मीटर लांबीचं धरलं तर टोकाचा एका फेरीतला प्रवास १५७ मीटर. तो तीन सेकंदांत. सेकंदाला ५२ मीटर, म्हणजे ताशी १८८ किलोमीटर. तो थोडा वेळ धुक्याकडे बघतच राहिला. "पोरायले हे सांगतो," म्हणाला. नुसता संथ, डौलदार पंखा दाखवला तर अर्धंच खरं सांगितल्यासारखं होतं. टोकाला तो वेग आहे, आणि मधल्या तुंब्याजवळ, जिथे तिन्ही पाती जोडलेली असतात तिथे, तेच पातं माणसाच्या चालीने फिरतंय. दोन्ही एकाच फोटोत यायला हवं.

दुपारपर्यंत धुकं हललं नाही. मधूनच एखादं पातं त्यातून खाली उतरायचं, अर्ध्या लांबीपर्यंत दिसायचं आणि पुन्हा आत जायचं. खांब नाही, तुंबा नाही, नुसतं एक टोक पांढऱ्यातून येतंय आणि पांढऱ्यात जातंय. मी बरेच फोटो घेतले. बघायला ते विलक्षण होतं, फोटोत मात्र पांढऱ्यावर पांढरं पातं जेमतेम उमटतं. तरी एक ठेवलाय. त्यात खालच्या कोपऱ्यात कुंपणाची तार आहे आणि तारेवर पाण्याचे थेंब, त्यामुळे ते टोक किती उंचावर आहे याचा अदमास येतो.

मग भीमकुंडाकडे गेलो. पावसाळ्यात चिखलदऱ्याला येणारा प्रत्येक जण तिथे जातो, आणि ज्याच्याकडे ट्रायपॉड आहे तो प्रत्येक जण धबधबा एका सेकंदावर टिपून रेशमासारखा करतो. मीही केला. पण आज तो करताना सकाळचं गणित डोक्यात होतं. धबधब्याला एक सेकंद चालतो, चक्कीला चालत नाही, हे असं का? पाणी पडून गेलं की त्याच जागी मागून दुसरं पाणी येतं. ओळ तुटत नाही. त्यामुळे शटर कितीही वेळ उघडं असलं तरी त्या जागेवर पाण्याचाच उजेड साठत राहतो. पात्याचं तसं नाही. ते एकदा जागा सोडून गेलं की मागे आकाश उरतं, आणि आकाशाचा उजेड पात्याच्या खुणेवर चढत जातो. पात्याचं टोक तर अरुंदही असतं आणि सगळ्यात जोरातही पळतं. पाव सेकंदात ते तेरा मीटर जातं. त्या वाटेवरच्या कुठल्याही एका बिंदूवर ते निमिषभर असतं, बाकी सगळा वेळ तिथे आकाश. म्हणून लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की, पाती आखूड दिसतात. मुळाकडचा रुंद भाग टिकतो, टोकं पुसली जातात.

यावरून एक गोष्ट मनाशी पक्की झाली: उजळ आकाशासमोर या पात्यांना लांब एक्स्पोजर द्यायचंच नाही. मागे काळा ढग पाहिजे. काळ्यावर पांढरं पातं निमिषभर जरी थांबलं तरी खूण सोडून जातं.

संध्याकाळी मोथ्याला थांबलो. गवळ्यांचं गाव, म्हशींचं गाव. इथला खवा आणि रबडी खायला लोक वाट वाकडी करून येतात. चुलीवर मोठ्या कढईत दूध आटत होतं, बाई उलथण्याने कडेची साय खरवडून आत ढकलत होत्या आणि बोलता बोलता त्यांचा हात एकदाही थांबला नाही. रबडीत साखर कमी, धुराचा हलका वास. पावसाने गारठून गेल्यावर तिच्याइतकं चांगलं मी काही खाल्लेलं नाही.

रविवार

पहाटे खिडकी उघडली तर समोरचा डोंगर दिसला. धुकं फाटलं होतं आणि वारा असा की खोलीचं दार आपोआप आपटत होतं. चहाही न घेता निघालो.

पठारावर पोचल्यावर पहिल्यांदा सगळं नीट दिसलं. काही चक्क्या फिरत होत्या, काही उभ्या होत्या. गवत हिरवंगार, गुडघ्याएवढं, आणि वारा त्याला एकाच दिशेने लोळवत नेत होता. उतारावर कुटकीची शेतं. पलीकडे दरी, तिच्यातून ढगांचे तुकडे वर चढत होते.

आधी उभं कुठे राहायचं? चक्की वाऱ्याला तोंड देऊन उभी असते. वारा फिरला की तिचं डोकं खांबावर फिरतं. अगदी बाजूने पाहिलं तर पात्यांची नुसती एक उभी रेघ दिसते, त्यात फिरणं दिसायचा संबंधच नाही. अगदी समोरून पाहिलं तर पूर्ण वर्तुळ, पण सपाट. मला तिरकं बघणं आवडतं, तीस-चाळीस अंशांनी, म्हणजे वर्तुळ लंबगोल होतं, एक पातं आपल्याकडे येताना आणि दुसरं दूर जाताना दिसतं. वारा येतो त्या बाजूने पाहिलं तर बहुतेक चक्क्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. त्यामुळे उजवीकडचं पातं खाली येत असतं, आणि उजवीकडे मोकळी जागा सोडली तर नजर त्याच्याबरोबर खाली उतरते.

आम्ही जागा शोधत होतो तेवढ्यात म्हशी घेऊन एक म्हातारे बाबा आले. डोक्यावरून निळं मेणकापड, हातात काठी. मामेभावाने रामराम घातला.

"काय पाहून राह्यले जी?"

"पंख्याचे फोटो काढतो, बाबा. ताईले पंख्याचं तोंड कोनीकडं हाये ते पाह्यजे."

बाबांनी काठीने दरीकडे दाखवलं. "आता मावळतीकडं हाये. पोळ्यापर्यंत तिकडंच राह्यते. मंग दिवाळीच्या आंगं-मांगं वारं उलटलं का हे बी उगवतीकडं पायते. वारं जिकून, तोंड तिकून." एवढं सांगून ते म्हशींच्या मागे गेले. मोसमी वाऱ्याचं आणि परतीच्या वाऱ्याचं सगळं प्रकरण त्यांनी दोन वाक्यांत उरकलं होतं.

तेव्हा पश्चिमेच्या बाजूला, किंचित दक्षिणेला सरकून ट्रायपॉड लावला. इथे खरी कसोटी लागते. पातं हललेलं हवं, पण बाकी काहीही हलता कामा नये. खांबाची कड जरा जरी दुहेरी आली तरी बघणारा म्हणतो, फोटो हलला. खांब घट्ट असेल तरच पात्याचं पुसटपण वेग म्हणून वाचलं जातं. आणि ज्या वाऱ्यासाठी आपण आलो तोच वारा ट्रायपॉडला सोडत नाही. मधला दांडा वर काढायचा नाही, पाय पसरून कॅमेरा कंबरेच्याही खाली आणायचा. लेन्सचा हूड काढून टाकायचा, वारा त्यातच भरतो. बॅग ट्रायपॉडला टांगतात, पण ती लोंबकळती ठेवली तर स्वतःच झोके घेते. दोरी इतकी लांब ठेवायची की बॅगेचं बूड जमिनीला टेकलेलं राहील. लेन्समधलं स्थिरीकरण बंद, कॅमेऱ्याला हात न लावता दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो. मी वाऱ्याच्या बाजूला आडोसा धरून बसले, मामेभाऊ छत्री धरून उभा.

ढगाळ उजेड होता. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ/११, आणि समोर उजेड आठव्या हिश्शावर आणणारा काळसर एनडी फिल्टर, म्हणजे शटर पाव सेकंदावर येतं. फिल्टर नसला तर लोक एफ/२२ पर्यंत ॲपर्चर बारीक करतात, त्याने शटर लांबतं खरं, पण सगळं चित्रच मऊ पडतं आणि ज्या खांबाची कड आपल्याला जपायची तीच जाते. त्यापेक्षा फिल्टर बरा.

पाव सेकंदाला पाती सुंदर पसरली, पण टोकं उडाली. चक्की बुटकी दिसायला लागली. १/३० ला उलट, कडा जरा मऊ, जणू फोकस चुकलाय. ही जागा सगळ्यात वाईट, ना धड स्थिर ना धड फिरतं. १/१५ ला जरा जीव आला. १/८ ला बसलं. तुंब्याजवळ पात्याचं मूळ ओळखू येतं, तिथून ते पंख्यासारखं उलगडत जातं आणि टोकाशी विरळ होतं. एकाच पात्यावर मुळाचा संथपणा आणि टोकाचा १८८ किलोमीटरचा वेग दोन्ही दिसत होते. कालपासून मला हेच पाहिजे होतं. मोठ्या, हळू फिरणाऱ्या चक्कीला अर्थातच याहून लांब शटर लागेल. फेरीचा वेळ मोजून त्याचा साधारण विसावा-पंचविसावा भाग घ्यावा, असं मी आता धरून चालते.

क्षणही निवडावा लागतो. एक पातं सरळ खाली खांबावर आलं की ते खांबात हरवतं आणि वरची दोन हात पसरून उभ्या माणसागत स्थिर वाटतात. तेच पातं खांब ओलांडून थोडं पुढे गेलं की तोल बिघडतो, आणि बिघडलेला तोल डोळ्याला फिरणं वाटतो. स्सूपचा आवाज ऐकत दाबायचं. दोन सेकंदांचा टायमर असल्यामुळे दोन आवाज आधी.

मामेभावाला एक कल्पना सुचली. "ताई, कॅमेराच पंख्याबरोबर फिरवला त?" केलं. ट्रायपॉडवरून काढून, तुंबा बरोबर चौकटीच्या मध्यावर धरून, पात्यांच्याच दिशेने आणि त्याच वेगाने कॅमेरा लेन्सभोवती फिरवायचा. जमलं तेव्हा पाती बऱ्यापैकी स्पष्ट आली आणि खांब, गवत, ढग सगळं गोल ओढलं गेलं. गंमत वाटते, पण मला ते पटलं नाही. त्यात पठार राहत नाही, वारा कुठून कुठे जातोय ते कळत नाही. बघणाऱ्याला भोवळ देऊन गती सांगणं हे मला खरं वाटत नाही.

दहाच्या सुमारास बाबा म्हशी घेऊन परत त्याच वाटेने आले. त्यांचं मेणकापड वाऱ्याने उडत होतं, फडफडत होतं, ते एका हाताने गळ्याशी धरून ठेवलेलं. मी विचारलं, "बाबा, तुमचा एक फोटो काढू का? पंख्यासोबत." ते हसले. "काढा ना. आमाले काय करा लागते?"

"फक्त जरा वेळ हलू नका."

"मी नाई हालत. पन हे कापड हालते, त्याचं काय?"

"त्याला हलू द्या. तेच पाहिजे."

काठीवर दोन्ही हात टेकून ते उभे राहिले, दरीकडे तोंड करून, चक्कीसारखेच वाऱ्याला सामोरे. बाजूची म्हैस रवंथ करत स्तब्ध. शटर १/८. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती, काठीची गाठ, म्हशीच्या शिंगावरचा वाळलेला चिखल स्पष्ट आला. मेणकापड मागे निळं पसरत गेलेलं, पायाशी गवत वाहिलेलं, आणि वर तीन पाती उलगडलेली. गवत, कापड, पाती तिन्ही एकाच दिशेचा वारा सांगतात. पात्यांचा वेग कॅमेऱ्यात पकडण्यावर मी एवढी मेहनत घेत होते, पण वारा या फोटोत जेवढा दिसला तेवढा नुसत्या पात्यांच्या फोटोत कुठेच नव्हता. पातं का फिरतंय हे कापडाने सांगितलं. फोटो कॅमेऱ्यावरच मोठा करून बाबांना दाखवला. त्यांनी स्वतःकडे फार पाहिलं नाही, म्हैस बघितली. "चांगली आली," म्हणाले.

दुपारी गाविलगडावर जाऊन आलो, पाऊस लागला, कॅमेरा बॅगेतच राहिला.

चारनंतर आकाशाने कृपा केली. पश्चिमेला ढग फाटून ऊन आलं आणि पूर्वेला, चक्क्यांच्या मागे, काळानिळा ढग भरून उभा. काल भीमकुंडावर जे हवंसं वाटलं होतं ते समोर आलं. पांढऱ्या पात्यांवर सरळ ऊन, मागे अंधार. उन्हात आठपटीचा फिल्टर पुरत नाही, चौसष्टपटीचा लावला; एफ/८ ला पुन्हा १/८ मिळालं. आता टोकंही टिकली. पाव सेकंदावर गेले तरी काळ्या ढगावर पातं पूर्ण लांबीचं दिसत होतं, फक्त धुरकट. सकाळी ज्या शटरला चक्की बुटकी झाली होती तेच शटर आता चाललं. शटरचा आकडा आधी पाठ करून येण्यात म्हणून फार अर्थ नाही. मागचं आकाश बदललं की आकडाही बदलतो.

त्याच उजेडात एक चौकट अशी लावली की फिरणारी चक्की पुढे आणि उभी असलेली मागे. शेजारी शेजारी. एकीची पाती विरघळलेली, दुसरीची कोरीव. इथे कुणालाही विचारावं लागणार नाही की चालू कोणती नि बंद कोणती. खांब, गवत, बाबा, म्हैस, सगळे याच कामी येतात: एखादी गोष्ट थांबलेली असेल तरच दुसरी पळताना दिसते. पण थांबलेली गोष्ट त्याच जातीची असली की तुलना थेट होते.

सावल्यांचा नाद लागला तो शेवटी. ऊन तिरपं झालं तशा पात्यांच्या सावल्या उतारावरच्या कुटकीवरून सरकायला लागल्या. गवतावरून, बांधावरून, बसलेल्या म्हशीच्या पाठीवरून चढून उतरत. सेकंदाला एक. सावलीत उभं राहिलं की अंगावरून काहीतरी ओलांडून गेल्याचं खरोखर जाणवतं. पण फोटोत ती सावली लबाड निघाली: मुळाकडचा रुंद भाग गडद, टोकाची सावली जवळपास नाहीच, आणि शटर कितीही जलद केलं तरी कडा मऊच. सूर्य आपल्याला बिंदू दिसत नाही, अर्ध्या अंशाची तबकडी दिसतो. शंभर मीटरवरून येणाऱ्या सावलीची कड त्यामुळे जवळजवळ मीटरभर पसरते. पात्याचं टोक तेवढंही रुंद नसतं, मग त्याची सावली उरणार कुठून? म्हणून मुळाची सावली धरली, १/३० ला, म्हशीच्या पाठीवर असताना. म्हैस पुन्हा उपयोगी पडली.

सोमवार

सकाळी पुन्हा धुकं. वाट न बघता घाट उतरलो.

मामीकडे जेवून लॅपटॉपवर सगळं पसरलं. मामेभावाला वर्गासाठी फोटोंची मालिका हवी होती. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याचे ओळीने फोटो घेतले आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे दाखवलं, ते त्याने वाचलेलं होतं. तसंच चक्कीचं करू म्हणाला. कल्पना चांगली, पण तीन पात्यांच्या चक्कीला त्यात एक मेख आहे. बरोबर सेकंदा-सेकंदाने फोटो घेतले तर प्रत्येक वेळी एका पात्याच्या जागी दुसरं येऊन उभं राहतं, सगळे फोटो हुबेहूब एकसारखे, आणि चालती चक्की ओळीभर बंद दिसते. सेकंदाला पाच फोटोंच्या वेगाने घेतलेली एक ओळ माझ्याकडे होती. त्यात दर फोटोला पातं २४ अंश पुढे जातं आणि सहाव्या फोटोत पुन्हा पहिल्यासारखं चित्र येतं. पाचच फोटो कापून त्याला दिले, एका पात्यावर लाल ठिपका काढून, म्हणजे पोरांना कुठलं पातं कुठे गेलं ते बोटाने शोधता येईल. सगळे एकावर एक ठेवून एकच चित्र करायचंही त्याच्या मनात होतं. करून पाहिलं तर पंधरा पात्यांचं एक झाड उभं राहिलं. ते बाजूला ठेवलं.

मामीला मी काहीच न सांगता फोटो पुढे सरकवत गेले. धुक्यातलं टोक तिला कळलंच नाही. काळ्या ढगापुढच्या पात्यांना "छान हाये" म्हणाली. बाबांच्या फोटोला मात्र तिने हात धरून थांबवलं आणि विचारलं, "इतक्या वाऱ्यात या बुढ्याले थंडी नाई वाजली का वं?"

तो फोटो मोठा छापून बाबांना पोचवायचा आहे. मोथ्याला कुणी ना कुणी रोजच जातं, मामेभाऊ देईल. आणि दिवाळीनंतर मी पुन्हा येणार, वारा उगवतीचा झाल्यावर. तेव्हा चक्क्यांची तोंडं पूर्वेकडे असतील, सकाळचं ऊन सरळ पात्यांवर पडेल, गवत वाळून पिवळं झालेलं असेल. मागे काळा ढग मिळणार नाही, त्याऐवजी गडद निळ्या आकाशावर काय उमटतं ते पाहायचंय. तोपर्यंत ओरखडा पडलेला चौसष्टपटीचा फिल्टर बदलून घ्यायला हवा. साडेतीनची अमरावती गाडी लागली होती, खिडकीची जागा मिळाली.